कार्ड पुसण्याआधी: कॅमेऱ्यातले फोटो संगणकावर उतरवताना

चतुर्थी सरली की गोव्यातल्या बहुतेक घरांत कॅमेऱ्याचे कार्ड भरलेले असते. माटोळी (गणपतीच्या डोक्यावर टांगायची, रानफळांनी सजवलेली चौकट) बांधतानाचे, गणपती आणतानाचे, आरतीचे, शेजाऱ्यांकडे दर्शनाला गेल्यावेळचे आणि विसर्जनाचे फोटो एकाच कार्डात पडून असतात आणि दसरा-दिवाळी उलटून जत्रांचे दिवस येईपर्यंत ते तसेच राहतात. मग एखाद्या जत्रेला निघताना कार्डात जागा नसल्याचे कॅमेरा सांगतो, आणि निघण्याच्या धांदलीत कोणीतरी ते फोटो संगणकावर ओढून घेऊन कार्ड रिकामे करतो. माझ्या पाहण्यात जितके फोटो हरवले, त्यांपैकी बरेचसे याच घाईत हरवले आहेत. कॅमेरा बिघडून किंवा कार्ड खराब होऊन गेलेले फोटो त्या मानाने थोडे.

फोंडा महालातल्या घरोघरच्या माटोळ्यांचे फोटो मी गेली अनेक वर्षे काढतो आहे. विसर्जनानंतर माटोळी उतरवली जाते; तिच्यातली रानफळे सुकतात, सुपारीचे घोस आणि नारळ घरात वापरले जातात, आणि पुढच्या वर्षी तीच फळे त्याच रानात मिळतील याची खात्री कोणी देत नाही. त्यामुळे त्या वर्षीच्या माटोळीचा फोटो हीच तिची शिल्लक राहणारी नोंद असते. म्हणून कार्डातून फोटो संगणकावर आले एवढ्याने काम पुरे झाले असे मी मानत नाही. ते पूर्ण आणि शाबूत आले आहेत हे पाहून झाले, दुसऱ्या ठिकाणी त्यांची प्रत गेली, की मगच काम संपते. आणि तोपर्यंत कार्डाला हात लावायचा नाही, हे या लेखातले माझे मुख्य सांगणे आहे.

फोटो उतरवण्याच्या दोन सरळ वाटा आहेत: कॅमेरा केबलने संगणकाला जोडणे, किंवा कार्ड बाहेर काढून कार्ड रीडरमध्ये घालणे. मी दुसरीच वाट धरतो आणि विचारणाऱ्यालाही तीच सांगतो. केबलने जोडल्यावर आजचे बहुतेक कॅमेरे संगणकाला स्वतंत्र डिस्क म्हणून दिसत नाहीत. पीटीपी किंवा एमटीपी नावाच्या पद्धतीने कॅमेरा स्वतःच एकेक फोटो संगणकाच्या हाती देत असतो. या पद्धतीत कॅमेऱ्याची बॅटरी खर्च होते, आणि ती मध्येच संपली तर नक्कल अर्धवट राहते. शिवाय घरात सापडलेली केबल नुसती चार्जिंगचीच असली तर कॅमेरा जोडूनही संगणकाला काहीच दिसत नाही आणि दोष विनाकारण कॅमेऱ्याला दिला जातो. जुन्या कॅमेऱ्यांना मिनी यूएसबी लागते, त्यानंतरच्यांना मायक्रो आणि हल्लीच्यांना टाइप-सी. ही ओळख नसल्याने अडलेले लोक मी पाहिले आहेत.

कार्ड रीडर ही थोड्या पैशांत मिळणारी वस्तू आहे आणि तिच्यामुळे वेळही वाचतो. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट असला तरी प्रत्यक्षात सेकंदाला साधारण ३० ते ४० मेगाबाइट एवढीच माहिती त्यातून येते. म्हणजे २० गिगाबाइट फोटो उतरवायला दहा-अकरा मिनिटे लागतात. यूएसबी ३.० चा रीडर आणि यूएचएस-वन जातीचे चांगले कार्ड असेल तर तेच काम चारेक मिनिटांत होते, कारण त्या जातीची कमाल मर्यादा सेकंदाला १०४ मेगाबाइट आहे. मात्र रीडर संगणकाच्या ३.० च्या खाचेतच घालावा. अनेक संगणकांवर ती आतून निळी असते.

कार्ड कॅमेऱ्यातून काढण्याआधी कॅमेरा बंद करून लिहिण्याचा दिवा विझेपर्यंत थांबावे. मग कार्ड कडांनी धरावे. पूर्ण आकाराच्या एसडी कार्डाच्या मागे नऊ सोनेरी पट्ट्या असतात, यूएचएस-टू कार्डावर त्यांच्या खाली आणखी एक रांग असते, आणि भाद्रपदातल्या आपल्या दमट हवेत घामेजलेल्या बोटाचा डाग त्या पट्ट्यांवर राहिला तर पुढे संपर्क नीट होत नाही. आता कार्डाचे लेबल आपल्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे येईल असे धरले तर डाव्या कडेला एक इवलीशी सरकपट्टी दिसते. ती नखाने खाली ओढली की कार्ड कुलूपबंद होते. या पट्टीचा कार्डातल्या विजेच्या मंडलाशी काहीही संबंध नसतो. ती कुठे आहे हे रीडर चाचपून पाहतो आणि त्याप्रमाणे लिहायचे की नाही ठरवतो. क्वचित एखादा रीडर तिच्याकडे लक्ष देत नाही, पण बहुतेक देतात. ही पट्टी खाली असताना संगणकाला कार्डावर काही लिहिता येत नाही आणि काही पुसताही येत नाही. एरवी विंडोज आणि मॅक दोघेही, आपण काही न करता, कार्डावर स्वतःचे छुपे फोल्डर तयार करतात. कार्ड उतरवताना मी ही पट्टी नेहमी खाली ओढतो, आणि या एका सवयीने जेवढे वाचते तेवढे कोणत्याही सॉफ्टवेअरने वाचत नाही असे माझे मत आहे.

कार्ड उघडल्यावर डीसीआयएम नावाचे फोल्डर दिसते. कोणत्याही कंपनीचा कॅमेरा घेतला तरी हे नाव तेच असते, कारण फोटोंची मांडणी कशी असावी याचा एक समान नियम जपानमधल्या उद्योगसंघटनेने १९९८ साली ठरवला आणि सगळ्यांनी तो स्वीकारला. त्यातल्या पोटफोल्डरचे नाव १०० ते ९९९ पैकी एका आकड्याने सुरू होऊन पुढे पाच अक्षरे घेते, जसे ‘१००कॅनन’. आणि फोटोचे नाव चार अक्षरे व चार आकडे असे असते, जसे ‘आयएमजी_०००१’. येथे दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली म्हणजे सगळे काही डीसीआयएममध्ये नसते. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ नावाच्या वेगळ्याच फोल्डरात, दोन-तीन पायऱ्या आत जाऊन बसतात. फोटोंचे फोल्डर तेवढे ओढून घेणाऱ्याला आरतीचा व्हिडिओ मागे राहिल्याचे कळतही नाही, आणि कार्ड पुसल्यावर तो शोधला जातो. म्हणून डीसीआयएम तेवढे न उचलता संपूर्ण कार्डाचीच नक्कल करावी. नको असलेल्या दोन फायली जास्त आल्या तर काही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. चार आकडे म्हणजे ०००१ ते ९९९९. त्यापुढे मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. कॅमेऱ्याच्या मेनूत फाइलक्रमांक सलग ठेवण्याऐवजी दर कार्डाला नव्याने सुरू करण्याची निवड केलेली असेल तर प्रत्येक नव्या कार्डावर ‘०००१’ नावाचा फोटो जन्माला येतो. घरात एकाच कंपनीचे दोन कॅमेरे असतील तर तोच प्रकार. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबात दोन भावांच्या कॅमेऱ्यांतले फोटो ‘चतुर्थी’ नावाच्या एकाच फोल्डरात टाकले गेले. त्या नावाच्या फायली येथे आधीच आहेत, त्या बदलू का, असे संगणकाने विचारले, आणि काम लवकर आटपावे म्हणून ‘बदला’ यावर बोट गेले. धाकट्याच्या कॅमेऱ्यातले फोटो थोरल्याच्या फोटोंवर बसले. दोन्ही कार्डे त्याच संध्याकाळी पुसली गेली होती.

हे टाळण्यासाठी दर कार्डाला दर वेळी नवे, रिकामे फोल्डर करावे. माझ्या फोल्डरांची नावे आधी वर्ष, मग महिना, मग तारीख, नंतर प्रसंग आणि शेवटी कॅमेरा अशी असतात: ‘२०२५-०८-२७ चतुर्थी पहिला कॅमेरा’. वर्ष आधी लिहिल्याने नावांच्या क्रमाने लावलेली यादी आपोआप काळाच्या क्रमाने लागते, आणि तारीख आधी लिहिली तर सगळ्या वर्षांचे सत्तावीस एकत्र येऊन बसतात. प्रसंगाचे नाव देवनागरीत लिहायला आजच्या विंडोज, मॅक किंवा लिनक्सवर कोणतीच अडचण येत नाही. फाइल बदलू का असा प्रश्न कधीही समोर आला तर उत्तर ‘नको’ असेच द्यावे आणि थांबून कारण शोधावे.

फोल्डर तयार झाले की कार्डावरचे सगळे निवडून ‘कॉपी’ करावे, ‘कट’ कधीही करू नये. कट करताना संगणक एकेक फाइल नव्या जागी लिहितो आणि जुनी पुसत पुढे जातो. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि टेबलावरच्या संगणकाला बॅटरी नसते. नवी फाइल डिस्कवर पक्की उतरण्याआधी, ती अजून तात्पुरत्या स्मृतीत असतानाच वीज गेली तर इकडची पुसलेली आणि तिकडची अपुरी अशी अवस्था होते. कॉपी करताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, एवढेच. फोटो आयात करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘आयातीनंतर मूळ फोटो काढून टाका’ अशी एक चौकट असते; ती रिकामी आहे ना, हे दर वेळी पाहावे. मॅकवरच्या फोटोज प्रोग्रॅमने फोटो घेतले तर ते त्याच्या स्वतःच्या संग्रहात आत जाऊन बसतात आणि नंतर साध्या फोल्डरात शोधून सापडत नाहीत, म्हणून तेथेही फाइंडरमधून फोल्डर ओढणे किंवा इमेज कॅप्चर वापरणे मला बरे वाटते.

नक्कल झाल्याची पट्टी पूर्ण भरली की बहुतेकांचा हात कार्ड पुसण्याकडे जातो. यंदा भाच्याने मला नेमके हेच विचारले, “मामा, सगळे फोटो आले, आता कार्ड पुसू ना?” मी म्हटले, “पुसू नको रे, आधी मोजून पाहा आणि उघडून पाहा.” मोजणे म्हणजे कार्डावरच्या फोल्डरची आणि संगणकावरच्या फोल्डरची माहिती काढून फायलींची संख्या आणि बाइटमधला एकूण आकार जुळवणे. उघडणे म्हणजे छोट्या चित्रांवर विसंबून न राहता काही फोटो पूर्ण आकारात पाहणे. हे सांगण्याचे कारण असे की जेपेग आणि रॉ (कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची, प्रक्रिया न केलेली माहिती) फाइलच्या आत कॅमेऱ्याने एक छोटे चित्र वेगळे साठवलेले असते, आणि मूळ फोटो अर्धा करडा झालेला असला तरी ते छोटे चित्र छान दिसू शकते. पहिले, मधले आणि शेवटचे काही फोटो, आणि प्रत्येक व्हिडिओचा शेवटचा भाग मी पाहतोच. विंडोज रॉ फाइल दाखवत नसेल तर घाबरू नये. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून रॉ इमेज एक्स्टेन्शन घातले की अनेक कॅमेऱ्यांच्या रॉ फायली दिसू लागतात.

ज्यांच्याकडे फोटो फार आहेत त्यांनी याहून पक्की तपासणी करावी. टेराकॉपी हा प्रोग्रॅम नक्कल झाल्यावर मूळ आणि नक्कल दोन्ही वाचून त्यांच्या आतल्या माहितीवरून काढलेला आकडा (चेकसम) जुळवून पाहतो. फ्रीफाइलसिंकमध्ये दोन फोल्डरांची आतल्या मजकुरानिशी तुलना करता येते. यात एक बारकावा आहे: नक्कल केल्याबरोबर लगेच तपासले तर संगणक ती फाइल डिस्कवरून न वाचता स्वतःच्या स्मृतीतूनच वाचून ‘जुळते’ असे सांगू शकतो. म्हणून बाहेरची हार्ड डिस्क असेल तर ती नीट काढून, पुन्हा जोडून मग तुलना करावी.

यानंतरचे काम घड्याळाचे. प्रत्येक फोटोत एक्झिफ या नावाची नोंद असते आणि तिच्यात फोटो काढल्याची तारीख-वेळ कॅमेऱ्याच्या घड्याळावरून येते. हे घड्याळ चालू ठेवणारी आतली लहान बॅटरी मुख्य बॅटरीवर चार्ज होते, त्यामुळे एका चतुर्थीपासून दुसऱ्या चतुर्थीपर्यंत बॅटरी काढून कपाटात ठेवलेला कॅमेरा कित्येक वर्षे मागची एखादी एक जानेवारी दाखवू लागतो. आखातातून चतुर्थीला येणाऱ्या भावंडांच्या कॅमेऱ्यांची गोष्ट वेगळी: दुबईचे घड्याळ आपल्याहून दीड तास मागे असते, आणि ते न बदलता फोटो काढले तर सगळ्यांचे फोटो वेळेप्रमाणे एकत्र लावताना त्यांच्या कॅमेऱ्यातली आरती मखर सजवण्याच्याही आधी येते. एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने एका फोल्डरातल्या सगळ्या फोटोंची वेळ एका आज्ञेत दीड तास पुढे सरकवता येते. डिजीकॅम या फोटो लावून ठेवण्याच्या प्रोग्रॅममध्ये हेच काम मेनूतून होते. ते उतरवल्या दिवशीच करावे, कारण कोणता कॅमेरा कोणाचा आणि किती मागे होता हे नंतर कोणालाच आठवत नाही.

फोटो उतरले, तपासून झाले, वेळ दुरुस्त झाली की मी आतेला संगणकाशेजारी बसवतो. माटोळीतली नावे तिला ठाऊक असतात, मला नसतात. “आते, हे लाल फळ कोणते?” असे विचारले की ती चष्मा सारखा करून म्हणते, “अरे, हे कवंडळ. पिकले की असे लाल होते, पण खायचे नव्हे हो. माटोळीलाच बांधायचे.” तोरिंग, आंबाडे, घागऱ्या, कांगले अशी नावे ती सांगत जाते, कोणते रानातून आणले आणि कोणते परसातले तेही सांगते, आणि मी ते डिजीकॅममध्ये त्या त्या फोटोला जोडत जातो. हा मजकूर फोटोच्या फाइलमध्येच एक्सएमपी नावाच्या भागात राहतो, तेथे देवनागरी नीट टिकते, आणि फोटो दुसऱ्या संगणकावर नेला तरी त्याच्याबरोबर जातो. वेगळ्या वहीत लिहिलेली यादी आणि फोटो यांची काही वर्षांत फारकत होते; फाइलमध्येच लिहिलेले नाव तसे तुटत नाही. माझ्या मते सगळ्या खटाटोपातला सर्वांत मोलाचा अर्धा तास हाच आहे, आणि ज्यांच्या घरात अशी नावे सांगणारे माणूस आहे त्यांनी तो पुढच्या वर्षावर टाकू नये.

व्हॉट्सॲपवर कुटुंबाच्या गटात फोटो टाकले म्हणजे ते जपले गेले, असे अनेकांना वाटते. व्हॉट्सॲप फोटो लहान करते आणि एक्झिफची नोंद काढून टाकते. मूळ फाइल पाठवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. कॅमेऱ्यातून वाय-फायने मोबाइलवर फोटो घेणाऱ्या ॲपांतही लहान केलेली प्रत घेण्याची निवड असते, आणि काहींत तीच आधीपासून लावलेली असते. गुगल फोटोजवरची अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, आता १५ गिगाबाइट जागा मेल आणि ड्राइव्हसकट वाटून घ्यावी लागते.

दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर करावी आणि शक्य असल्यास तिसरी वेगळ्या घरात ठेवावी. माझी एक डिस्क फोंड्याला आणि एक पणजीला बहिणीकडे असते, आणि येता-जाता त्यांची अदलाबदल होते. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्या हवेत उघड्यावर ठेवलेल्या लेन्सवर बुरशी धरते आणि धातूच्या जोडांवर डाग पडतात, म्हणून डिस्क, कार्डे आणि कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत आणि पुड्या ओल्या झाल्या की वाळवून किंवा बदलून घ्याव्यात. पावसात भिजलेले कार्ड पूर्ण सुकल्याशिवाय रीडरमध्ये घालू नये.

दोन प्रती झाल्या की कार्ड रिकामे करायला हरकत नाही, पण ते संगणकावर न पुसता कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. मॅकवर पुसलेले फोटो कार्डावरच्याच छुप्या कचरापेटीत जातात आणि जागा मोकळी होत नाही. कॅमेऱ्यात फॉरमॅट केले की कॅमेऱ्याला हवी तशी मांडणी नव्याने तयार होते. याउलट, कार्ड संगणकाला लावल्यावर ‘वापरण्याआधी फॉरमॅट करायचे का’ असा प्रश्न आला तर तो नाकारावा, कार्ड बाहेर काढावे आणि त्यावर एकही नवा फोटो काढू नये. चुकून फोटो पुसले गेले तरी असेच थांबावे, कारण पुसलेल्या फोटोची नोंद तेवढी खोडली जाते. त्याची माहिती, वर नवे काही लिहिले जाईपर्यंत, बहुधा तेथेच असते. फोटोरेक हा मोफत प्रोग्रॅम ती शोधून दुसऱ्या डिस्कवर काढून देतो. फायलींची मूळ नावे मात्र परत मिळत नाहीत. हा प्रोग्रॅम कार्ड रीडरमधून चालतो. पीटीपीने जोडलेल्या कॅमेऱ्यावर त्याचा उपयोग होत नाही.

शेवटी जुन्या कार्डांविषयी. १९९४ चे कॉम्पॅक्टफ्लॅश, १९९८ ची सोनीची मेमरी स्टिक, ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांनी २००२ साली आणलेले एक्सडी पिक्चर कार्ड, यांपैकी काही ना काही अनेक घरांच्या खणांत अजून पडून असते आणि त्यांत फोटो असतात. अशा कार्डात माहिती विजेच्या भाराच्या रूपाने साठवलेली असते आणि वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिल्यास तो भार हळूहळू झिरपतो. हल्लीच्या लॅपटॉपांत फार तर एसडीची खाच असते, आणि बाजारातल्या अनेक रीडरांतून एक्सडीची खाच केव्हाच गेली आहे. ज्यांच्याकडे अशी कार्डे असतील त्यांनी ती यंदाच उतरवून घ्यावीत. आणि त्यांना बसणारा रीडर मिळत नसेल तर जुना कॅमेरा, त्याची बॅटरी आणि केबल यांपैकी काहीही भंगारात देऊ नये, कारण त्या कार्डापर्यंत जायची ती एकच वाट उरलेली असू शकते.